शेतघरातला ससा

शेतातल्या घरी पाळला जाणारा ससा आणि उसाच्या फडातून उधळणारा ससा हे दोन वेगळे प्राणी आहेत. पाळीव सशाचे मूळ स्पेन-पोर्तुगालकडच्या रानात आहे. तो बिळे खणून, गोतावळ्याने राहणारा. आपल्याकडचा रानससा बीळ खणत नाही, गवतात दबून एकटा बसतो. पिल्लांवरून हा फरक लगेच कळतो. रानसशाचे पिल्लू अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊन जन्मते, पाळीवाचे मात्र उघडेबोडके असते आणि त्याचे डोळे दहा दिवसांच्या आसपास उघडतात. ऊसतोडीत सापडलेले पिल्लू मुले हौसेने घरी आणतात. खरे तर त्याची आई जवळपासच असते, ती पाजायला दिवसातून थोडाच वेळ येते. पिल्लू जवळच्याच आडोशाला ठेवून द्यावे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे रानससा पाळताही येत नाही.

पाळायला न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएट चिंचिला अशा जाती मिळतात. मूळच्या मांसासाठी आणि कातड्यासाठी वाढवलेल्या या जाती लाडानेही छान राहतात. नीट सांभाळला तर ससा आठ-दहा वर्षे जगतो, तेव्हा तो घेताना तितक्या वर्षांचा विचार हवा.

मराठवाडा-विदर्भात सशाचा पहिला शत्रू उन्हाळा. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतल्या रक्तवाहिन्यांवाटे बाहेर टाकतो. पारा 35 अंशांच्या वर गेला की त्याच्या जिवाला धोका असतो. पत्र्याच्या शेडमधला पिंजरा मे महिन्यात भट्टीच होतो. गोठ्याच्या उत्तरेची सावली किंवा दाट कडुलिंबाखालची जागा बरी. पिंजऱ्यावर ओले गोणपाट, आत थंड फरशीचा तुकडा आणि सतत ताजे पाणी. ससा धापा टाकू लागला तर ओल्या फडक्याने कान पुसावेत, गार पाण्यात बुडवू नये. पावसाळ्यात उलट ओल आणि मुताचा उग्र वास त्रास देतो, म्हणून तळ कोरडा हवा. नुसत्या जाळीवर बसून पायांना जखमा होतात, तेव्हा एका कोपऱ्यात फळी टाकावी. साप, मुंगूस, रानमांजर यांच्यासाठी जाळी बारीक आणि कडी पक्की हवी. कुत्रे फक्त पिंजऱ्याभोवती भुंकत राहिले, तरी ससा भीतीने दगावू शकतो.

सशाचे दात जन्मभर वाढतात; ते झिजायला आणि पोट चालू राहायला वाळलेले गवत लागते. हरळी, मारवेल हवे तितके द्यावे. शेतकऱ्याचे घर इथे शहरापेक्षा कितीतरी पुढे आहे. लसूणघासात कॅल्शियम भरपूर असते, मोठ्या सशाला तो थोडाच पुरे. भाकरी, भात, बिस्किटे नकोत. ज्वारीचे कोवळे पोंगे, बटाट्याचा पाला, रुई, धोतरा विषारी. तणनाशक मारलेल्या बांधावरचे गवतही तसेच. पहाटे ससा स्वतःच्याच मऊ लेंड्या खातो, त्याला हटकू नये. त्यातून त्याला जीवनसत्त्वे परत मिळतात. त्याला उलटी होत नाही. अर्धा दिवस तो काहीच खात नसेल, तर वाट न बघता जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे. दुखणे लपवणे हा त्याचा स्वभाव असल्याने खाणे थांबणे हीच बहुधा पहिली खूण असते.

ससा कान धरून कधीच उचलू नये. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली; लटकता राहिला तर तो झटके देतो आणि त्याचे कंबरेचे हाड मोडू शकते. लहान मुलांनी जमिनीवर बसूनच त्याला मांडीवर घ्यावे.

मादी साधारण 31 दिवसांनी विते, पोटाचे केस उपटून घरटे करते आणि व्यायल्या दिवशीच पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून नर-मादी साडेतीन महिन्यांच्या आत वेगळे करावेत, नाहीतर हौसेच्या जोडीचा कळप होतो. कानात खपल्या दिसल्या तर ती खरूज असते, तिच्यावर उपचार आहे. कुत्र्याच्या गोचिडांसाठीचे फिप्रोनिल मात्र सशाला लावू नये, ते त्याचा जीव घेऊ शकते.

सशाच्या लेंड्या शेणासारख्या कुजवाव्या लागत नाहीत. वाफ्यात सरळ टाकल्या तरी भाजीची रोपे जळत नाहीत.