दुरून पाहणें आणि दुरून हात घालणें

कोठीच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला असाव्यात, हा एकत्र कुटुंबांत पूर्वीं मोठ्या महत्त्वाचा प्रश्न मानीत असत. कोठींत काय आहे हें घरांतील पुष्कळांस ठाऊक असे. परंतु तेथून वस्तु काढण्याचा अधिकार एक-दोघांसच असे. पाहणें निराळें व हात घालणें निराळें, हा जुना भेद आज धंद्याच्या हिशेबयंत्रांना लावण्याची वेळ आली आहे. यास्तव या अंकीं त्याविषयीं चार शब्द लिहावयाचें योजिलें आहे.

पेढीवरील चोपड्यांची जागा आतां सर्व्हर नांवाच्या संगणकानें घेतली आहे. सर्व शाखांचा व गुमास्त्यांचा हिशेब त्याच्या पोटांत राहतो, आणि ज्यास जो हवा त्यास तो पुरविला जातो. अडचण अशी कीं यंत्र एका गांवीं आणि त्याचा जाणता दुसऱ्या गांवीं. आमच्या बुलडाणा जिल्ह्यांत घाटाखालीं खामगांव, मलकापूर येथें रुईचे कारखाने आहेत. पण मालकाचा संगणक शिकलेला मुलगा बहुधा पुण्यास असतो. खुद्द बुलडाण्यास अद्याप रेल्वे नाहीं. मलकापुराहून यावयाचें तर राजूरचा घाट चढावा लागतो. १९८६ सालीं स्थापन झालेल्या बुलडाणा अर्बन या पतसंस्थेच्या शाखा तर महाराष्ट्राबाहेरहि पसरल्या आहेत. इतक्या दूरच्या यंत्रांची नाडी पाहण्यास दर वेळीं माणूस कोठवर धाडावा? यासाठींच दूरनिरीक्षणाची सोय झाली आहे.

आतां पाहावें काय? पांच गोष्टी मुख्य होत: साठवणुकीची तबकडी किती भरली, आंतील उष्णता किती, वीज गेल्यास बॅटरी किती वेळ पुरेल, इंटरनेटची वाट चालू आहे कीं नाहीं, आणि रात्रीं घ्यावयाची हिशेबाची नक्कल पुरी झाली कीं नाहीं. वैशाखांत घाटाखालीं पारा चाळिशीपलीकडे जातो. बंद खोलींतील यंत्र अशा वेळीं आधीं मंदावतें, आणि शेवटीं आपल्या रक्षणासाठीं आपणच बंद होतें. तापूं लागतांच खबर मिळाली तर उपाय करतां येतो. तबकडी भरत आल्याचें न कळल्यास ऐन कापसाच्या हंगामांत नवी पावती लिहिली जात नाहीं, व काट्यावर गाड्यांची रांग लागते. हें सर्व दुरून पाहण्यासाठीं नागिऑस, झॅबिक्स यांसारखीं साधनें वीस वर्षांहून अधिक काळ विनामूल्य मिळत आहेत.

येथें एक सूक्ष्म गोष्ट आहे. ज्याची वाटच तुटली तें यंत्र आपलें दुखणें कळविणार कसें? सबब पाहणारा निराळ्या ठिकाणीं असावा, त्यानें दर कांहीं मिनिटांनीं विचारपूस करावी, आणि उत्तर न येणें हीच खबर समजावी. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत हेरांविषयीं सांगितलें आहे कीं, तिघांचें म्हणणें स्वतंत्रपणें जुळलें म्हणजे विश्वास ठेवावा. यंत्राच्या बाबतींतहि एकाच साक्षीवर विसंबूं नये. मात्र क्षुल्लक गोष्टींसाठीं रात्रंदिवस फोन वाजत राहिला, तर ‘लांडगा आला’ म्हणून ओरडणाऱ्या पोराची गत होते. खऱ्या संकटाच्या वेळीं कोणी उठत नाहीं.

यंत्र चालू आहे, एवढ्यानेंहि समाधान मानूं नये. पुण्याची कॉसमॉस बँक १९०६ सालची जुनी सहकारी संस्था. ऑगस्ट २०१८ मध्यें तिच्यावर दूरस्थ चोरांनीं घाला घातला व सुमारें ९४ कोटि रुपये लांबविले. पैसे देणाऱ्या एटीएमचा प्रश्न बँकेच्या मूळ हिशेबापर्यंत पोंचण्यापूर्वींच मध्यें बसविलेली एक खोटी यंत्रणा ‘द्या’ म्हणून होकार देत होती. अठ्ठावीस देशांतून रक्कम निघाली. येथें यंत्र बंद पडलें म्हणून हानि झाली नाहीं. तें चालू राहून खोटें बोलूं लागलें म्हणून झाली. तात्पर्य, श्वासाबरोबर हिशेबाचा मेळहि पाहावा: दिलेली रक्कम व लिहिलेली रक्कम जुळते काय?

आतां हात घालण्याविषयीं. येथें सढळपणा घातक आहे. सर्व्हरचें दार सर्व जगासाठीं उघडें ठेवून केवळ संकेतशब्दाच्या भरंवशावर राहूं नये. आधीं व्हीपीएन नांवाच्या गुप्त वाटेनें आंत यावें, आणि संकेतशब्दाशिवाय दुसरी खूणहि द्यावी लागावी. फिनलंडांतील तातू युलोनेन यानें विद्यापीठाच्या जाळ्यांत संकेतशब्दांची चोरी झाल्यावर १९९५ सालीं एसएसएच ही रीत निर्माण केली. तींत कुलूप सर्व्हरपाशीं व किल्ली आपल्यापाशीं ठेवतां येते. किल्ली तारेवरून कधींच जात नाहीं, म्हणून वाटेंत कोणी ती पाहूं शकत नाहीं. परंतु नोकरी सोडून गेलेल्या गुमास्त्याची किल्ली त्याच दिवशीं रद्द झाली पाहिजे. अमेरिकेंतील कोलोनियल पाइपलाइन कंपनींत एप्रिल २०२१ मध्यें चोर शिरले ते वापरांत नसलेल्या एका जुन्या व्हीपीएन खात्यावरून. त्यास दुसरी खूण नव्हती. कंपनीनें सुमारें ४४ लाख डॉलर खंडणी भरली.

कोण केव्हां आंत आला याची नोंद तर हवीच. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनें एप्रिल २०२२ च्या आदेशान्वयें अशा नोंदी १८० दिवस जपण्यास, आणि सायबर हल्ल्याची घटना कळल्यापासून सहा तासांच्या आंत वर्दी देण्यास सांगितलें आहे.

इतकें करूनहि दूरचा हात कधीं तोकडा पडतोच. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं फेसबुकचें सारें जाळें सुमारें सहा तास बंद होतें. देखभालीच्या एका आज्ञेनें जाळें तुटलें, आणि दुरून दुरुस्तीचीं साधनें त्याच जाळ्यावर विसंबलेलीं असल्यामुळें तींहि निकामी झालीं; माणसांस यंत्रांपाशीं जावें लागलें. किल्ली कुलुपाच्या आंत ठेवून दार लावल्यासारखें हें झालें. म्हणून मोबाइलवरून चालणारी एक दुसरी वाट राखावी, आणि यंत्राच्या गांवीं बटण ओळखणारा, कागदावर लिहिलेल्या सूचना वाचून वागणारा एक विश्वासू इसम नेमावा.

घरांतील वडीलधाऱ्यांसहि यांतून घेण्याजोगें आहे. “मी बँकेंतून बोलतों, हें ॲप घाला व मला अंक सांगा,” असें सांगणारा मनुष्य आपल्या फोनांत दुरून हात घालूं इच्छितो. रिझर्व्ह बँकेनें फेब्रुवारी २०१९ मध्यें एनीडेस्क या ॲपच्या अशा दुरुपयोगाविषयीं बँकांस सावध केलें होतें. ॲप स्वतः वाईट नव्हे; अनोळख्यास दिलेली परवानगी वाईट.

धंदा असलेल्या घरांनीं येत्या रविवारीं एवढें करावें: एका कागदावर दोन रकाने पाडावे. एकांत केवळ पाहूं शकणाऱ्यांचीं नांवें, दुसऱ्यांत हात घालूं शकणाऱ्यांचीं. दुसरा रकाना लांब दिसला, किंवा त्यांत गेलेल्या माणसाचें नांव आढळलें, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहूं नये.