श्वास मंदावला की आधी हात, मग औषध

प्रोपोफॉल या भुलीच्या औषधाचा डोस थोडा पुढे गेला, त्यात सोबत फेंटानिल हे अफूवर्गीय वेदनाशामक दिलेलं असलं, की रुग्णाची छाती हलायची थांबते. एंडोस्कोपीच्या खोलीत, छोट्या नर्सिंग होममध्ये, कुठेही हे होऊ शकतं. अशा वेळी श्वास ‘चालू करणारं’ एखादं इंजेक्शन ट्रेमध्ये तयार हवं, असं काही डॉक्टर म्हणतात आणि डोक्साप्रॅमचं नाव घेतात. मला हे पटत नाही.

डोक्साप्रॅम मानेतल्या कॅरोटिड बॉडीला, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन जोखणाऱ्या इवल्याशा पेशीपुंजाला डिवचतं आणि श्वास वाढतो. पण एका डोसचा असर जेमतेम ५ ते १२ मिनिटं टिकतो. त्यानंतर रक्तात उरलेलं भुलीचं औषध पुन्हा डोकं वर काढू शकतं. शिवाय रक्तदाब चढतो, नाडी धावते, जास्त झालं तर झटके येतात. आणि जीभ मागे पडून घसाच बंद झाला असेल तर? रुग्ण जोर लावतो, हवा आत जात नाही.

हा धडा वैद्यकाने एकदा फार महागात घेतला आहे. झोपेच्या बार्बिट्युरेट गोळ्या खाऊन बेशुद्ध झालेल्यांना एकेकाळी पिक्रोटॉक्सिन, निकेथामाइड अशी उत्तेजकं टोचत. निकेथामाइड म्हणजे आपल्याकडच्या जुन्या पिढीला ठाऊक असलेलं कोरामाइन. १९४९ मध्ये कोपनहेगनमध्ये क्लेमेसन आणि निल्सन या डॉक्टरांनी ही उत्तेजकं बंद केली. श्वासमार्ग मोकळा ठेवायचा, ऑक्सिजन द्यायचा, रक्ताभिसरण सांभाळायचं आणि रुग्णाजवळ सतत माणूस ठेवायचा, एवढंच त्यांनी केलं. साधारण २० टक्के असलेले मृत्यू एक-दोन टक्क्यांवर आले. औषध काढून घेतल्यामुळे माणसं वाचली, असं वैद्यकात क्वचित घडतं.

उत्तेजकांना जागाच नाही असं नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा श्वास अडतो तेव्हा कॅफीन उत्तम काम करतं. फेंटानिलवर नॅलोक्सोन, मिडाझोलम या गुंगीच्या औषधावर फ्लुमाझेनिल हे उतारे आहेतच, तरी त्यांचाही असर लवकर उतरतो म्हणून रुग्णावर नजर ठेवावी लागते. प्रोपोफॉलला असा उताराच नाही.

चांगल्या भूलतज्ज्ञाचे हात बघा. बोटं जबड्याच्या कोनामागे जातात, जबडा पुढे उचलला जातो, घोरणं थांबतं, मास्कवर वाफ धरते. तेवढ्याने भागलं नाही तर हाताने दाबून हवा देणारी अँबू बॅग. या हातांना वेळेवर इशारा देणारं यंत्र म्हणजे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ. नाकात ऑक्सिजन चालू असेल तर श्वास थांबूनही बोटावरचा ऑक्सिमीटर काही मिनिटं ९८ दाखवत राहू शकतो. कॅप्नोग्राफची रेघ मात्र लगेच सपाट होते.

म्हणून गुंगी देऊन तपासण्या करणाऱ्या प्रत्येक खोलीत कॅप्नोग्राफ सक्तीचा करा, आणि ज्याचं काम फक्त श्वासाकडे बघणं आहे असा प्रशिक्षित माणूस तिथे ठेवा. संमतीपत्रावर सही करण्याआधी नातेवाइकांनीही विचारावं: तपासणी करणारे डॉक्टर तपासणीत गुंतलेले असताना आमच्या माणसाचा श्वास कोण बघणार आहे?