खटका निवडताना

‘मेकॅनिकल कीबोर्ड म्हणजे श्रीमंतांच्या मुलांचे खेळणे’, असे एका मित्राने मला ऐकवले. मला ते पटत नाही. ज्याला रोज तासन्‌तास टंकलेखन करायचे आहे, त्याचे ते अवजार आहे. माझे वडील गवंडी आहेत. थापी हातात धरून पाहिल्याशिवाय ते घेत नाहीत. मग कीबोर्ड तरी नुसत्या रंगावर भुलून का घ्यावा?

साध्या कीबोर्डात बहुधा सर्व कळांखाली रबराचा एकच पापुद्रा असतो. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक कळीखाली स्प्रिंगचा स्वतंत्र स्विच, म्हणजे खटका असतो. चेरी कंपनीमुळे रूढ झालेल्या रंगांप्रमाणे त्याचे तीन मुख्य प्रकार. लाल खटका सरळ खाली जातो. तपकिरी वाटेत हलका अडथळा जाणवून देतो. निळा त्या अडथळ्याबरोबर टक्कन वाजतो. कळ साधारण ४ मिलिमीटर दबते. पण अक्षर २ मिलिमीटरच्या आसपासच उमटते. म्हणजे कळ तळापर्यंत ठोकण्याची गरजच नसते.

मित्रांचा आग्रह निळ्याचा होता. टाइपरायटरची आठवण देणारा तो आवाज मलाही आवडतो. पण आमच्या एकाच खोलीत पाच माणसे निजतात, आणि माझा अभ्यास रात्रीचा. माझ्या हौसेपायी दिवसभर राबलेल्या माणसाची झोप का मोडावी? मी तपकिरी घेतला. तोही मुका नाही. कळ तळाला आपटली की वाजतेच. म्हणून हलक्या हाताने लिहायला शिकतो आहे.

मित्रहो, खटका बोटांना रुचावा हे खरेच. पण शेजारी कोण झोपले आहे, हेही निवडताना पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.