बायका बोलत नाहीत म्हणणाऱ्यांसाठी, आमच्या फिरत्या वहीची गोष्ट



पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते. चहा घेऊन बसा. थोडी रागात लिहिली आहे, तेही सांगून ठेवते. वय ७३, त्यामुळे राग फार वेळ टिकत नाही, म्हणून आजच लिहून टाकते.

आमच्या भागातल्या एका मंडळाच्या मीटिंगला परवा गेले होते. नाव लिहीत नाही, कारण ही गोष्ट एका मंडळाची नाही. विषय होता यंदाच्या स्मरणिकेतला महिला विभाग. ठरलं असं की बायकांच्या मनोगताची पानं बंद. त्या जागी पाककृती, रांगोळी स्पर्धेचे फोटो आणि दोन जाहिराती. कारणं दोन. एक, मनोगतं येतच नाहीत. दोन, आली तरी भाषा शुद्ध नसते, छापायची कशी? आणि महिला जागृतीसाठी वर्षातून चार व्याख्यानं ठेवायची. एक सद्गृहस्थ हसत म्हणाले, "हळदीकुंकवाला दोनशे बायका येतात, लिहायला सांगितलं की दोन. त्यांना बोलायचंच नसतं हो."

सभेत मी गप्प बसले. अडतीस वर्षं बँकेत काढल्यावर मीटिंगमध्ये कधी बोलून उपयोग नसतो ते कळतं. पण भाऊसाहेब, उत्तर देणं आहे. ते इथे देते.

मी १९७३ ची बी.कॉम. १९७४ साली सुरतेत बँकेत लागले आणि २०१२ ला ऑफिसर म्हणून रिटायर झाले. काउंटरवर सगळे मला 'बेन' म्हणायचे, मराठी बायकासुद्धा. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या बाजूला आपली खानदेशी माणसं केवढी आहेत ते तुम्हाला सांगायला नको. भुसावळ-सुरत लाइनवरून जळगाव, धुळे, नंदुरबारची कुटुंबं आली, पुरुष लूमवर लागले, बायका घरी साडीला टिकल्या लावत बसल्या. त्यातल्या काही आमच्याकडे रिकरिंगचं खातं उघडायला यायच्या. पैसे भरून झाले तरी काउंटरवरून हलायच्या नाहीत. "बेन, एक विचारू?" रांगेतले पुरुष वैतागायचे. त्यांना बोलायचं नसतं? मी चार हात लांबून रोज ऐकलंय.

१९८९ च्या ऑगस्टमध्ये विद्याताई बाळांनी पुण्यातून 'मिळून साऱ्याजणी' सुरू केलं. त्याआधी त्या 'स्त्री' मासिकात होत्या. १९६४ पासून तिथे, शेवटी संपादक. ते 'स्त्री' किर्लोस्करांचं, १९३० साली किर्लोस्करवाडीतून निघालेलं. माझ्या आईकडे त्याचे जुने अंक ट्रंकेत होते. ती आधी वाचकांची पत्रं वाचायची, मग कथा. मी विचारलं तर म्हणाली, "कथा लेखिकेची असते, पत्र आपल्यासारखीचं असतं." सातवी शिकलेली बाई, पण मासिक कशावर चालतं ते तिला बरोबर समजलं होतं.

मी १९९० मध्ये 'साऱ्याजणी'ची वर्गणी भरली. अंक एक आणि वाचणाऱ्या सात. बँकेतल्या आम्ही दोघी, एक शाळेतल्या बाई, तीन शेजारणी आणि लिंबायतची एक रिकरिंगवाली. तिचं नाव नाही लिहीत, ताई म्हणते. प्रत्येकीकडे अंक चार दिवस. अंक हरवू नये म्हणून मी एक लाँगबुक घातलं. तारीख, नाव, सही. बँकेतली सवय, दुसरं काही नाही.

तिसऱ्या महिन्यात एकीने सहीच्या पुढे लिहिलं, "या अंकातली दुसऱ्या लेखातली बाई अगदी माझ्यासारखी." पुढच्या बाईने त्याखाली एकच शब्द लिहिला, "कशी?"

मंडळी, आमचं जे काही उभं राहिलं ते त्या एका शब्दावर. पहिलीने पुढच्या फेरीत पाऊण पान लिहिलं. तिसरीने त्यावर लिहिलं. वर्षभरात तारीख-सहीचे रकाने मोडले आणि अंकापेक्षा वहीची वाट बघणं सुरू झालं. सातच्या तेवीस झालो. काय नव्हतं त्या वहीत? नवऱ्याचं पासबुक कधी न बघितलेली बाई. घरावर आपलं नाव असावं का. दुसरीही मुलगी झाली म्हणून माहेरून न आलेला फोन. मुलांना मराठी शाळेत घालायचं की गुजराती की इंग्लिश मीडियम, यावर तर अकरा पानं. पाळी जाताना होणारा त्रास, जो आम्ही सख्ख्या बहिणीशी बोललो नव्हतो. आणि हो, पाककृतीही होत्या. कळण्याच्या भाकरीच्या पिठाचं प्रमाण काय, यावर चौघींचं भांडण आहे. पाककृतीला माझा विरोध नाहीच. माझा विरोध आहे तो उत्तर द्यायला जागा न ठेवता छापलेल्या पाककृतीला.

आता माझी चूक. ती लपवली तर या पोस्टला अर्थ नाही.

लिंबायतच्या ताईने दुसऱ्या वर्षी पहिल्यांदा लिहिलं. पाच ओळी. सुरुवात होती, "माले बी असंच वाटस." पुढे नवऱ्याच्या दारूबद्दल होतं. मी काय केलं? व्हाउचर तपासायचा लाल पेन हातात होता. "माले बी" वर काट मारून वर लिहिलं, "मलाही असेच वाटते." आणखी चार दुरुस्त्या केल्या. मनात वाईट काही नव्हतं. शिकवतोय असंच वाटत होतं. त्या पाच ओळींत ती काय सांगत होती, त्यावर मात्र मी एक अक्षर लिहिलं नाही.

ती अंक घेत राहिली, तारीख घालून सही करत राहिली. अकरा महिने एक ओळ नाही. शेवटी मी काउंटरवर विचारलं. म्हणाली, "बेन, तुमी पेपर तपासला ना. मी नापास."

त्या दिवशी संध्याकाळी मी वहीत त्या पानावर निळ्या शाईने लिहिलं की चूक माझी आहे, आणि ताईच्या मूळ मजकुराला उत्तर दिलं. अकरा महिने उशिरा. ती पुन्हा लिहायला लागली, पण त्या पाच ओळींसारखं पुन्हा नाही. ते माझ्या नावे पडलेलं आहे आणि अजून फिटलेलं नाही.

म्हणून परवा मीटिंगमध्ये "भाषा शुद्ध नसते" ऐकलं आणि माझ्या पोटात ढवळलं. भाऊसाहेब, तुमच्याकडे मनोगतं येत नाहीत, कारण तुम्ही लाल पेन घेऊन दारात बसला आहात. मी बसले होते, मला माहीत आहे.

आपल्या सुरतेची एक गोष्ट किती जणांना ठाऊक आहे? इथल्या ओलपाडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर १८८१ साली बालहत्येचा खटला झाला. सुरतेच्या कोर्टाने फाशी सुनावली, पुढे शिक्षा कमी झाली. त्यावरून 'पुणे वैभव' पत्राने समस्त बायकांच्या वागणुकीवर तोंडसुख घेतलं. ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे पेटल्या आणि १८८२ मध्ये त्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. म्हणजे बघा, मराठीतलं स्त्रियांच्या बाजूचं हे पहिलं खणखणीत पुस्तक म्हणजे एका वाचक बाईने वर्तमानपत्राला दिलेलं उत्तर आहे. आणि कारण आपल्या जिल्ह्यातलं! भाषा कशी? घरात भांडताना असते तशी, रोखठोक, म्हणी आणि टोमण्यांसकट. कोणी शुद्ध करून छापलं असतं तर त्यातलं काय उरलं असतं?

पण पुढचं जास्त महत्त्वाचं. पुस्तकावर टीका झाली. जोतिराव फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. बाकी मोठ्या लोकांनी दुर्लक्ष केलं. ताराबाईंचं दुसरं पुस्तक नाही. पहिलंही विस्मरणात गेलं, ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं तेव्हा लोकांसमोर आलं. १८८२ ते १९७५, म्हणजे ९३ वर्षं. बाई बोलत नव्हती असं नाही. बाई बोलली, समोरून उत्तर आलं नाही. हा फरक ज्याला कळत नाही त्याने महिला विभागाचं नियोजन करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता व्याख्यानांबद्दल. व्याख्यान वाईट नसतं, मीही ऐकते. पण बँकेतला एक नियम सांगते. बचत खात्यात दोन वर्षं ग्राहकाने व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय धरतात. बँक दर तिमाहीला व्याज जमा करत असते, तरी ते मोजत नाहीत. व्यवहार ग्राहकाने स्वतः करावा लागतो. तुमची चार व्याख्यानं म्हणजे आमच्या खात्यात तुम्ही टाकलेलं व्याज. आभारी आहोत. पण खातं चालू राहायचं तर आम्हाला स्वतः भरता-काढता आलं पाहिजे. तुमचा स्लिपांचा गठ्ठा कुलपात, आणि वर म्हणता, ग्राहक येत नाही.

कोणी म्हणेल, बायकांना मोकळं लिहू दिलं तर भांडणं होतील. होतात. आमच्या वहीत झाली. एकदा त्याहून वाईट झालं. एकीने सासरच्याबद्दल लिहिलेलं दुसरीच्या घरात मोठ्याने वाचलं गेलं आणि ते फिरत फिरत त्या सासरी पोचलं. त्या बाईला सहा महिने आमच्याकडे येता आलं नाही. तेव्हा काही जणी म्हणाल्या, बंद करा वही. आम्ही बंद नाही केली, नियम केले. नाव लिहायची सक्ती नाही. दुसरीच्या घरचं, तिला विचारल्याशिवाय लिहायचं नाही. वही घरातल्या कोणाच्या हाती द्यायची नाही. आणि प्रत्येक महिन्याला एकीने सगळी वही वाचून बघायची की उत्तराशिवाय कोणी राहिली का. तो शेवटचा नियम सगळ्यात महत्त्वाचा ठरला. काउंटरवर भांडण झालं म्हणून कोणी शाखा बंद करत नाही.

कोणी म्हणेल, आता प्रत्येकीच्या हातात फोन आहे, वही कशाला? बरोबर आहे. वहीच हवी असा माझा हट्ट नाही. पण फोनवर सकाळी चाळीस फुलांचे फोटो येतात आणि त्याला चाळीस हात जोडलेले येतात. एखादीने लिहिलं की "चार दिवस झोप नाही," तर तिलाही हात जोडलेलेच येतात. "का गं?" कोण विचारतं? साधन बदललं, "कशी?" विचारायची सवय कोण लावणार? पुण्यात विद्याताई आणि त्यांच्या मैत्रिणींनी नारी समता मंच काढला, त्याच्या केंद्राचं नाव 'बोलते व्हा'. दोन शब्दांत सगळं आलं. पण बोलते व्हा म्हणायचं तर आधी ऐकणारा बसलेला हवा.

आमच्या चार वह्या झाल्या. ऑगस्ट २००६ च्या पुरात अडाजणला आमच्या तळमजल्यावर पाणी शिरलं तेव्हा तीन गेल्या. चिखलातून काढल्या तर शाईच नव्हती. चौथी दुसऱ्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे फेरीत होती म्हणून वाचली. पुरानंतर कोण कुठे गेलं, कोण मुलाकडे राहायला गेलं, आणि वही थांबली. मी पुन्हा सुरू करायला हवी होती. नाही केली. नोकरी, घर, आजारपण, ही सगळी कारणं खरी आहेत, पण कारणंच आहेत.

मंडळाकडे मागणं फार नाही. स्मरणिकेत दोन पानं ठेवा. पत्रं बोलीत आली तर बोलीत छापा, अहिराणी असो की वऱ्हाडी की आमची सुरती खिचडी मराठी. प्रत्येक पत्राखाली दुसऱ्या एका बाईचं उत्तर छापा. व्याख्यानाआधी अर्धा तास बायकांची पत्रं वाचून दाखवा, नाव न घेता. परीक्षक नको, क्रमांक नको, बक्षीस नको. वर्षभर करून बघा. दोनाच्या वीस नाही झाल्या तर मी याच ठिकाणी येऊन लिहीन की भाऊसाहेब बरोबर होते.

आणि मंडळाने नाही केलं तरी चालेल. काल चौटा बाजारातून नवीन लाँगबुक आणलंय. पहिल्या पानावर मी माझंच लिहिलंय, लाल पेनाची गोष्ट. लिंबायतच्या ताईची सून आता डिंडोलीला असते, पहिली फेरी तिच्याकडे जाणार आहे. सुरतेत असाल आणि फेरीत यायचं असेल तर खाली कळवा.

ताईंनो, खाली उत्तर द्या. विरोधात असलं तरी चालेल. भाऊंनी पण द्या, फक्त माझं शुद्धलेखन तपासू नका.