शेंदूर नको, मजकूर हवा

२०१८ साली बंगळूरच्या हेब्बाळमध्ये खोदकामात एक कोरीव शिळा हाती लागली. अभ्यासकांनी अक्षरं लावली तेव्हा ती इसवी सन ७५०च्या आसपासची, गंग राजा श्रीपुरुषाच्या काळातली वीरगळ निघाली. बंगळूर शहरातल्या कन्नड शिलालेखांत ती सर्वांत जुनी मानली जाते. मजकूर मोजकाच आहे: राज्य कोणाचं, या मुलखावर अंमल कोणाचा, रट्टवाडीच्या हल्ल्यात कोण पडला आणि तो कोणाचा कोण. पडलेल्याचं नाव कित्तय्य. तो राजाही नव्हता आणि एखाद्या पोवाड्याचा नायकही नव्हता. तरीही पावणेतेराशे वर्षांनी आपण त्याला नावानं ओळखतो, कारण त्याच्या माणसांनी दगडावर चार गोष्टी नीट लिहून ठेवल्या. याच हेब्बाळमध्ये आज हवाई दलाच्या प्रशिक्षण कमांडचं मुख्यालय आहे आणि तिथून उत्तरेला थोड्याच अंतरावर येलहंकाच्या तळावर एमआय-१७ हेलिकॉप्टरचे वैमानिक घडतात. म्हणून युद्धात उतरलेल्या हेलिकॉप्टर तुकड्यांतली जुनी माणसं एकेक करून जात असताना त्यांना आठवायचं कसं, या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला कित्तय्याचा दगड सोयीचा वाटतो.

वीरगळी आपल्याकडेही कमी नाहीत. गावाच्या वेशीवर, देवळाच्या आवारात त्या उभ्या असतात. खालच्या चौकटीत पडलेला वीर, मधे लढाई, त्यावर अप्सरांसोबतचं स्वर्गारोहण आणि माथ्याशी शिवलिंग. लोक शेंदूर लावतात, नारळ फोडतात. पण कोणाची म्हणून विचारलं, तर गावातला म्हाताराही खांदे उडवतो, कारण महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळींवर अक्षर नाही. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळींवर आरमारी लढाई इतकी बारकाईनं कोरली आहे की गलबतांची वल्ही मोजता यावीत. तरी ती लढाई नेमकी कोणती, यावर अभ्यासकांना तर्कच करावा लागतो आणि वल्ही मारणाऱ्यांची नावं तर कायमची गेली. एकसरला कलाकुसर आहे, कित्तय्याकडे नाव आहे. शौर्याची पूजा आणि शौर्याची आठवण या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मजकूर नसेल तर पूजेतून आठवण उरत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

हेलिकॉप्टर तुकड्यांच्या बाबतीत ते जास्त लागू पडतं, कारण त्यांचं काम डोळ्यांत भरत नाही. आपल्या मनातला हवाई योद्धा लढाऊ विमानातला असतो. हवाई दलाचं एकमेव परमवीर चक्रही नॅट विमान उडवणाऱ्या निर्मलजितसिंग सेखों यांचं, आणि ते यथायोग्यच आहे. पण १९७१चा डिसेंबर आठवा. आशुगंजचा रेल्वेपूल उडवून दिला गेला, समोर मेघनेचं अफाट पात्र आणि पलीकडे ढाक्याची वाट. चौथ्या कोअरचे सगतसिंग आणि हवाई दलाचे ग्रुप कॅप्टन चंदनसिंग यांनी एमआय-४ हेलिकॉप्टरांनी फौज पलीकडे नेण्याचा मार्ग काढला. या हेलिकॉप्टरच्या नाकात पिस्टन इंजिन, त्याच्यावर वैमानिकांची बैठक आणि मागे पोटात जवान. एरवी चौदा जण बसायचे, तिथे तेवीसपर्यंत कोंबले गेले. रात्री शेतात टॉर्च धरून उभ्या राहिलेल्या माणसांच्या उजेडावर ती उतरली. चंदनसिंगांच्या महावीर चक्राच्या सन्मानपत्रात सुमारे ३,००० सैनिक आणि ४० टन सामग्री हलवल्याची नोंद आहे. शिवाय ७ डिसेंबरच्या रात्री शत्रूच्या मुलखात त्यांनी स्वतः केलेल्या आठ फेऱ्यांचीही. १६ डिसेंबरला जनरल अरोरा शरणागती स्वीकारायला ढाक्यात उतरले तेही हेलिकॉप्टरनंच. त्या सहीचं छायाचित्र घरोघरी माहीत आहे. सही करणाऱ्याला तिथवर पोचवणारा त्या चौकटीत नाही.

सियाचीनचंही तेच. १३ एप्रिल १९८४ रोजी कॅप्टन संजय कुलकर्णी बिलाफोंड ला खिंडीवर उतरले, हे मराठी वाचकाला अभिमानानं ठाऊक असतं. त्या दिवशी चीता हेलिकॉप्टरांनी सतरा फेऱ्या करून एक प्लाटून तिथे पोचवली. विरळ हवेत, खाली बर्फ किती भुसभुशीत याचा अंदाज नसताना, ते यंत्र जागच्या जागी तोलून धरणाऱ्यांपैकी किती जणांची नावं आपल्याला सांगता येतील? हेलिकॉप्टर नीट परतलं की त्याची बातमी होत नाही, आणि तुकडीचं सारं कसब तर नीट परतण्यातच असतं. शिवाय स्मारकांचा नियम साधा असतो: नाव कोरायचं ते कामी आलेल्याचं. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर २५,००० हून अधिक नावं आहेत आणि ती तशीच असायला हवीत. पण जो मेघनेवरून रात्रभर ये-जा करून जिवंत परतला, निवृत्त झाला आणि पंचाऐंशीव्या वर्षी अंथरुणात गेला, त्याला कुठलीच भिंत नाही.

यावर एक आक्षेप सरळ आहे. लढले ते जवान, यांनी तर त्यांना पोचवलं. गाडीवानाची वीरगळ कोणी घालतं का? उत्तर कारगिलमध्ये आहे. २८ मे १९९९ रोजी तोलोलिंगवर रॉकेटचा मारा करून वळताना १५२ हेलिकॉप्टर युनिटचं एमआय-१७ स्टिंगर क्षेपणास्त्रानं पाडलं. स्क्वाड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन, सार्जंट प्रसाद आणि सार्जंट साहू गेले. क्षेपणास्त्राला चकवणारे फ्लेअर्स त्या हेलिकॉप्टरवर नव्हते. त्यानंतर एमआय-१७ माऱ्याच्या कामातून काढून घेतली गेली. पोचवणं आणि लढणं यांतली रेघ आपण कागदावर ओढतो. खालून नेम धरणाऱ्याला ती दिसत नाही. आणि या चौघांतले दोघे सार्जंट होते, हेही ध्यानात घ्यावं. हेलिकॉप्टर म्हटलं की आपण वैमानिक आठवतो. पण वैमानिकाच्या जोडीनं जाणारा फ्लाइट इंजिनिअर आणि रात्रभर जागून पहाटे ते यंत्र उडण्याजोगं करून देणारे फिटर यांच्याशिवाय तुकडी होत नाही.

दुसरा आक्षेप गुप्ततेचा. सैन्याच्या गोष्टी चव्हाट्यावर आणायच्या नसतात, असं म्हणतात, आणि ताज्या मोहिमेपुरतं ते खरंही आहे. पण पन्नास वर्षांपूर्वी मेघनेवरून उडालेल्या, केव्हाच मोडीत निघालेल्या एमआय-४चं कोणतं गुपित राहिलं? १९७१च्या युद्धाचा सरकारी इतिहास लिहून तयार असूनही वर्षानुवर्षं कपाटात राहिला आणि २००० साली बाहेर आला तोही फुटून. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयानंच धोरण आखलं की युद्धाचा इतिहास पाच वर्षांत संकलित व्हावा आणि नोंदी साधारणपणे २५ वर्षांनी खुल्या व्हाव्यात. म्हणजे जुन्या मोहिमांबाबत दार सरकारनंच किलकिलं केलं आहे. शिवाय सरकारी कागद सगळं सांगत नाही. वैमानिकाच्या लॉगबुकात तारीख, यंत्राचा क्रमांक, कुठून कुठे आणि किती तास-मिनिटं एवढं असतं. शेतातला टॉर्चचा उजेड पहिल्या फेरीत दिसलाच नाही, की तेविसावा जवान चढवू का म्हणून कोणी विचारलं, हे त्या रकान्यात मावत नाही. ते त्या माणसाजवळच असतं आणि त्याच्याबरोबरच जातं.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. अशा आठवणींतून युद्धाचं उदात्तीकरण होतं, चुका झाकल्या जातात. शेंदराच्या आठवणीत तसं होतंच. लेखी, तपासलेल्या आठवणीचं उलट आहे. २७ फेब्रुवारी २०१९ला बडगाममध्ये एमआय-१७ कोसळलं. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. त्या सहांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. सुरुवातीला तो अपघातच वाटला. चौकशीत ते आपल्याच क्षेपणास्त्रानं पडल्याचं निघालं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात हवाई दल प्रमुखांनी ही मोठी चूक जाहीरपणे कबूल केली. नुसता हार घालून प्रकरण मिटलं असतं, तर ती सहा माणसं अपघातात गेली एवढंच आपल्यापुरतं खरं राहिलं असतं. खरी नोंद मृताचा मान राखते आणि पुढच्या वैमानिकाचा जीवही वाचवू शकते. फ्लेअर्स का नव्हते, हेलिकॉप्टर ओळखण्यात गफलत कुठे झाली, हे प्रशिक्षणाचेच विषय आहेत.

म्हणून माझी सूचना माफक आहे. नवं स्मारक नको, चबुतरा नको, उद्घाटनही नको. १९७१ साली पंचविशीत असलेला वैमानिक वा फिटर आज ऐंशीच्या घरात आहे, आणि त्याचं लॉगबुक बहुधा माळ्यावरच्या ट्रंकेत. येलहंकात शिकणाऱ्या प्रत्येक तुकडीनं अशा एकेका माणसापुढे तासभर बसावं आणि त्याच्या बोलण्याचा लॉगबुकाशी ताळा घालून पानभर मजकूर लिहावा. हयात नसेल, तर त्याच्या सोबत्यांना विचारून. हेब्बाळच्या मुख्यालयानं ती पानं जपावीत आणि खुली करावीत. विचारायचे प्रश्नही नव्यानं शोधायला नकोत: तू कोण, कुठला, कोणाच्या हाताखाली होतास, त्या दिवशी समोर कोण होतं आणि तू काय केलंस. हेब्बाळच्या त्या दगडावर एवढंच तर लिहिलंय. फरक इतकाच की कित्तय्याला स्वतःला विचारायची सोय त्या लोकांना उरली नव्हती. आपल्याला आहे, आणखी थोडी वर्षं.