रूबंदाची जाळी

आपण ज्याला कशिदा म्हणतों तो शब्द आपल्याकडे फारशींतून आला, हें आमच्या पुष्कळ भगिनींस ठाऊक नसेल. फारशींत 'कशीदन' म्हणजे ओढणें. कशिदा म्हणजे ओढलेला. नित्याच्या वापरांतला रुमालहि तिकडचाच. 'रू' म्हणजे तोंड आणि 'माल' म्हणजे पुसणारा. या महिन्यांत ज्या वस्तूविषयीं आम्हांस लिहावयाचें आहे तिच्या नांवांतहि हाच 'रू' बसलेला आहे. तिचें नांव रूबंद, म्हणजे तोंडावर बांधावयाचें वस्त्र.

काजार घराण्याच्या अमदानींत, म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १९२५ सालापर्यंत, इराणांतील शहरवासी स्त्री घराबाहेर पडे ती गडद रंगाची चादर डोक्यापासून पायापर्यंत लपेटून. त्या काळाच्या बऱ्याच भागांत तिच्या चेहऱ्यावर पांढऱ्या सुती कापडाचा एक लांब पट्टा सोडलेला असे. तो डोक्यामागें अडकवावयाचा आणि पुढें खालवर लोंबत ठेवावयाचा. सारें कापड अगदीं साधें. फक्त डोळ्यांसमोर, डोळ्यांपुरतीच, एक जाळी. घरांतील स्त्रीच्या हाताचें सर्व कौशल्य त्या एवढ्याशा जागेंत एकवटलेलें असे.

ही जाळी वरून लावलेली नसे. ती त्याच कापडांतून काढलेली असे. उभे व आडवे दोरे मोजून, ठराविक अंतरानें, कापडांतून ओढून घ्यावयाचे. मागें जे दोरे उरतात त्यांच्या बारीक जुड्यांवर पांढरें रेशीम घट्ट गुंडाळावयाचें, म्हणजे लहान लहान चौकोनी गवाक्षें तयार होतात. मग भोंवतालीं भरीव टाक्यांची चौकट, तींत दोरे मोजून साधलेले चौकोन व शंकरपाळे. रंग मात्र एकच, पांढऱ्यावर पांढरा. येथें नक्षी उठून दिसते ती सुताच्या मंदपणामुळें, रेशमाच्या चकाकीमुळें आणि छिद्रांतल्या सावलीमुळें. रंगीत कशिद्यांत हाताची चूक रंगाआड दडून जाते. येथें दडावयास जागाच नाहीं.

याचा अनुभव आम्हांस घरींच आला. रूबंदाचीं चित्रें पाहून आमच्या धाकट्या सूनबाईंनीं उशीच्या अभ्र्यावर तशी जाळी काढावयास घेतली. दुपारचा चहा आला, बोलणें निघालें, मोजणी चुकली आणि एक दोरा अधिक ओढला गेला. घातलेला टाका उसवतां येतो. काढलेला दोरा परत घालणें कठीण. अभ्र्याचें फडकें झालें, आणि त्या संध्याकाळीं त्या फारशा कोणाशीं बोलल्या नाहींत. ज्या भगिनींस हौस असेल त्यांनीं जाडसर, साध्या विणीचें, दोरे नुसत्या डोळ्यांनीं मोजतां येतील असें कापड घ्यावें. कात्री लावण्यापूर्वीं चौकोनाच्या कडा टाक्यांनीं पक्क्या कराव्या. आणि पहिला चौकोन दोन बोटांहून मोठा धरूं नये. रात्रीं दिव्याखालीं हें काम करूं नये, हें तर आम्ही बजावूनच सांगतों.

लखनौचें चिकन याच गोत्रांतलें. चिकन हा शब्दहि फारशीच समजतात. नूरजहान बेगमेनें ही कला हिंदुस्थानांत आणली असें सांगतात, पण ती आम्ही आख्यायिकाच मानतों. इतकें खरें कीं १७२२ सालीं अवधचा सुभेदार झालेला सादतखान हा मूळचा इराणांतील निशापूरचा, आणि त्याच्या वंशजांच्या दरबारांत इराणी अभिरुचीला मान होता. मात्र लखनौची जाळी निराळी. तेथें दोरा काढीत नाहींत. सुईनें दोरे बाजूस सारून व टाक्यानें आवळून छिद्र पाडतात. आमच्या मतें नवशिकीनें तीच रीत आधीं शिकावी.

इराणांत रूबंद पुढें मागें पडला. त्याच्या जागीं घोड्याच्या केसांची काळी झांपड आली. तिला पीचे म्हणत. मग ८ जानेवारी १९३६ रोजीं रझाशहानें बुरखा काढण्याचा हुकूम केला. पोलिसांनीं भर रस्त्यांत बायकांच्या चादरी ओढून काढल्या, आणि पुष्कळ वृद्ध स्त्रियांनीं घराबाहेर पडणेंच सोडलें. १९४१ सालीं रझाशहा पदच्युत झाल्यावर ती सक्ती ढिली पडली. १९७९ च्या राज्यक्रांतीनंतर उलट सक्ती आली, आणि १९८३ सालीं डोकें न झांकणाऱ्या स्त्रीस शिक्षा देणारा कायदा झाला. हें सारें वाचतांना आमच्या मनांत एकच येत राहिलें. झांका म्हणणारे आणि काढा म्हणणारे, दोघांनींहि जिच्या डोक्यावर तें वस्त्र, तिला विचारलें नाहीं.

आणि तरीहि ती जाळी सुंदर आहे, हें नाकारतां येत नाहीं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांतील इराणी वस्तूंचा मोठा भाग मर्डाक स्मिथ या अधिकाऱ्यानें मिळविला. इंग्लंड व हिंदुस्थान जोडणाऱ्या तारायंत्राच्या इराणांतील कामावर तो होता, आणि १८७३ पासून तो तेथें त्या संग्रहालयासाठीं खरेदी करीत असे. सरदारांचीं शस्त्रें व झुळझुळीत वस्त्रें कोणीहि जपतो. पण हे सुती पट्टे मूळचे रोजच्या वापराचे, धुवून विरणारे. जे थोडे उरले त्यांवर काढणारीचें नांव नाहीं.

आमच्या सूनबाईंचा तो बिघडलेला चौकोन आम्हीं टाकूं दिला नाहीं. परवां आत्याबाईंनीं तो हातांत घेतला, डोळ्यांसमोर धरला आणि ओटीवरून अंगणांत पाहिलें. "अग, तुळस दिसते, वाटेवरचीं माणसें दिसतात. यांतून सगळें दिसतें कीं!" त्या म्हणाल्या.

सूनबाई अंगणांत वाळत घातलेले कपडे काढीत होत्या. त्यांनीं वळून पाहिलें. "पण आत्याबाई, इकडून तुमचे डोळे कांहीं दिसत नाहींत."

आत्याबाईंनीं आणखी थोडा वेळ तो तसाच धरला, मग घडी करून शिवणाच्या पेटींत ठेवला.