वडिलांची उचकी थांबत नाही तेव्हा...

उचकी लागली की ‘कोणीतरी आठवण काढतंय’ म्हणायचे, घोटभर पाणी प्यायचे आणि विषय सोडून द्यायचा, ही आपली सवय. मात्र, केमोथेरपी घेऊन घरी परतलेल्या वडिलांची उचकी दुसऱ्या रात्रीही थांबत नसेल, तर तो गमतीचा विषय राहत नाही. घास उतरत नाही, झोप लागत नाही आणि आधीच खंगलेले शरीर आणखी थकते. ४८ तासांपेक्षा जास्त टिकणाऱ्या उचकीला वैद्यकशास्त्र ‘चिवट’ मानते. ती महिनाभर राहिली तर उपचारांना दाद न देणारी समजली जाते.

छाती आणि पोट यांच्यामधील श्वासपटल अचानक आकुंचन पावते आणि लगेच स्वरयंत्राचे दार मिटते. त्यातून उचकीचा आवाज येतो. या हालचालीमागील नसा मेंदूपासून मान आणि छातीतून पोटापर्यंत जातात. त्यामुळे वाटेत कुठेही गाठीचा दाब, सूज किंवा संसर्ग असला तरी उचकी लागू शकते. फुगलेले पोट, आम्लपित्त, रक्तातील सोडियम कमी होणे आणि मूत्रपिंडाचे बिघडलेले काम हीही कारणे आहेत.

कर्करुग्णांमध्ये आणखी एक कारण वारंवार दिसते, पण घरच्यांना ते सहसा माहीत नसते. सिस्प्लॅटिनसारख्या औषधाने होणारी मळमळ रोखण्यासाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिले जाते. या जोडीमुळे अनेकांना, विशेषतः पुरुषांना, उचकी लागते. ती बहुधा औषधानंतर एक-दोन दिवसांत सुरू होते आणि काही दिवसांत शमते. पुढच्या वेळी डॉक्टर स्टेरॉइडची मात्रा किंवा प्रकार बदलू शकतात. मात्र, त्यासाठी उचकीची माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवी. स्टेरॉइड स्वतःहून बंद करणे धोक्याचे आहे.

खरी अडचण इथेच आहे. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा आहे. जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडील रुग्ण येथे येतात, सलाइनमधून औषध घेतात आणि गावी परततात. उचकी सुरू होते ती घरी. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कर्करोग केंद्रे उभारण्याची घोषणा झाली. त्यातील २०० केंद्रे पहिल्याच वर्षासाठी होती. उपचार गावाजवळ येणे चांगलेच. पण रुग्ण त्याच दिवशी घरी जाणार असेल, तर दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याचे काम मुला-सुनांवर येते. त्यांच्या हाती मराठीतील सूचनांचा कागद आणि रात्रीही उचलला जाणारा फोन नंबर नसेल, तर सोय अर्धीच राहील.

घरगुती उपायही जपूनच करावेत. श्वास थोडा वेळ रोखणे बहुतेकांना चालते. पण तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावर उपचार झालेल्यांनी वाकून किंवा घाईने पाणी पिणे टाळावे. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. मधुमेह असल्यास चमचाभर साखरेचा उपायही नको, कारण स्टेरॉइडने साखर आधीच वाढलेली असू शकते. वृद्धांना दचकवणे तर नकोच. थोडे थोडे, सावकाश खाणे आणि जेवणानंतर लगेच आडवे न होणे उपयोगी पडते.

उचकीवर औषधे आहेत, पण ती दुकानातून परस्पर आणू नयेत. क्लोरप्रोमॅझिनमुळे वयस्कर रुग्णाला गुंगी येऊ शकते, रक्तदाब घसरू शकतो. मूत्रपिंड कमजोर असल्यास बॅक्लोफेनने रुग्ण भ्रमिष्ट होऊ शकतो. सिस्प्लॅटिनचा फटका मूत्रपिंडालाच बसतो.

म्हणून एका वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: औषध कधी दिले, उचकी कधी सुरू झाली, किती वेळ टिकली. पुढच्या तपासणीला ती वही सोबत न्यावी. ४८ तास उलटले, खाणे-झोप बंद झाली, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. सतत उलट्या, ताप, छातीत दुखणे, धाप, बोलण्यात अडखळणे किंवा हात-पाय लुळे पडणे असे काही दिसले, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. ‘एवढ्याशा उचकीसाठी डॉक्टरांना कशाला त्रास’ असे वडील म्हणतीलच. तो संकोच मुलांनी बाजूला ठेवायला हवा.